तयार सिलेक्ट कंपोनंटचा आतला मार्कअप आणि स्टाईल बदलायचीय, स्कोप्ड सीएसएस लागतच नाहीये

कंस_बंद_कर

मंडळी, व्ह्यूजेएस ३ वर काम चालू आहे, एक तयार यूआय लायब्ररी घेतलीय आणि त्यातला सिलेक्ट ड्रॉपडाऊन वापरतोय. डिझाईनवाल्यांनी दोन गोष्टी मागितल्यात. एक म्हणजे प्रत्येक ऑप्शनमध्ये नाव, त्याखाली बारीक करड्या अक्षरात कोड आणि डावीकडे स्टेटसचा ठिपका पाहिजे, लायब्ररी मात्र नुसता एक स्पॅन टाकते आणि त्यात लेबल, संपलं. दुसरं, उघडल्यावर खाली जे पॅनल येतं त्याचे कोपरे, सावली आणि निवडलेल्या ओळीचा रंग बदलायचाय.

आता झालंय असं की इन्स्पेक्टरमध्ये क्लासचं नाव बघून स्कोप्ड स्टाईलमध्ये तोच क्लास लिहिला, काहीच फरक नाही. मग डीप (स्कोप्डमधून कंपोनंटच्या आत पोचायचा व्ह्यूचा सिलेक्टर) लावून बघितलं, तर ज्या डब्यावर क्लिक करतो त्याच्या आतला बाण वगैरे बदलला पण पॅनल जसंच्या तसं. वैतागून स्कोप्डच काढलं, तेव्हा पॅनल बदललं पण दुसऱ्या पानावरचे सिलेक्टसुद्धा बदलले, आणि वर डेव्ह सर्व्हरवर बरोबर दिसतं पण बिल्ड करून बघितलं की पॅडिंग परत लायब्ररीचं. इम्पॉर्टंट (बाकी नियमांवर कुरघोडी करणारी सीएसएसची खूण) लावलं की बसतं, पण त्या फाईलमध्ये आता दर दुसऱ्या ओळीला इम्पॉर्टंट झालंय, रिव्ह्यूला कोण पास करणार ते.

टीम लीड म्हणतो, लायब्ररीतून कंपोनंटची फाईल उचल, आपल्या फोल्डरमध्ये टाक आणि पाहिजे ते बदल. मला पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये. नेमकं काय करतात अशा वेळी?

(मोबाईलवरून टाकतोय म्हणून कोड चिकटवलेला नाही, शब्दातच सांगितलंय.)

---

डोम_झाडावर

तुझे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तू तिन्हीवर एकच औषध लावतोयस, म्हणून गोंधळ होतोय.

पहिला, स्कोप्ड का लागत नाही. स्कोप्ड लिहिलं की कंपायलर तुझ्या टेम्प्लेटमधल्या प्रत्येक एलिमेंटला डेटा-व्ही आणि पुढे एक हॅश असं अ‍ॅट्रिब्यूट चिकटवतो आणि तुझ्या सिलेक्टरच्या शेवटच्या तुकड्याला पण तेच अ‍ॅट्रिब्यूट जोडतो. लायब्ररीच्या कंपोनंटच्या पोटातले एलिमेंट तुझ्या टेम्प्लेटमध्ये नाहीतच, त्यामुळे त्यांच्यावर तो शिक्का नसतो. फक्त चाइल्ड कंपोनंटच्या रूट एलिमेंटला पालकाचा शिक्का मिळतो, ते मुद्दाम तसं ठेवलंय म्हणजे पालकाला मार्जिन वगैरे लावता यावं. डीप काय करतं, तर अ‍ॅट्रिब्यूट शेवटच्या तुकड्यावरून काढून डावीकडच्या तुकड्याला लावतं, म्हणजे अर्थ होतो 'माझा शिक्का असलेल्या या एलिमेंटच्या पोटात कुठेही असलेला तो क्लास'. म्हणून तुझा बाण बदलला.

दुसरा, पॅनल का बदलत नाही. कारण पॅनल तुझ्या एलिमेंटच्या पोटात नाहीच! जवळपास सगळ्या लायब्ऱ्या ड्रॉपडाऊनचं पॅनल टेलिपोर्ट करून थेट बॉडीच्या शेवटी नेऊन टाकतात, नाहीतर ओव्हरफ्लो हिडन असलेल्या कुठल्याही डब्यात ते कापलं जाईल. कंपोनंटच्या झाडात ते तुझं मूल आहे, डोमच्या झाडात (म्हणजे ब्राउझरने पानावरच्या एलिमेंटचं बनवलेलं झाड) नाही, आणि सीएसएसला फक्त डोमचं झाड कळतं. डीप कितीही लाव, डावीकडचा तुकडा त्याचा पूर्वजच नाही म्हटल्यावर जुळणार कसा.

बघायचं असेल तर ड्रॉपडाऊन उघडा ठेवून इन्स्पेक्टरमध्ये बॉडीच्या अगदी तळाशी जा. आता तू म्हणशील इन्स्पेक्टरवर क्लिक केलं की ते बंदच होतं, तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग नावाचा टॅब आहे, त्यात पानावरचा फोकस तसाच आहे असं भासवणारा एक चेकबॉक्स आहे, तो टिक कर. किंवा कन्सोलमध्ये सेटटाइमआऊट टाकून आत डीबगर लिही, दोनतीन सेकंदाचा वेळ दे, तेवढ्यात ड्रॉपडाऊन उघड, पान तिथल्या तिथे थिजतं मग निवांत बघ.

उपाय: लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पॅनल क्लास, पॉपर क्लास, ओव्हरले क्लास असं काहीतरी नावाचं प्रॉप (कंपोनंटला बाहेरून द्यायची सेटिंग) शोध. नावं प्रत्येकाची वेगळी पण बहुतेकांकडे असतंच. त्यात आपला एक क्लास दे, समज 'स्टेटस-सिलेक्ट-पॅनल', आणि त्याच फाईलमध्ये दुसरा स्टाईल ब्लॉक उघड, स्कोप्ड न लावता. एका व्ह्यू फाईलमध्ये एक स्कोप्ड आणि एक साधा असे दोन ब्लॉक चालतात. साध्या ब्लॉकमधला प्रत्येक नियम त्या क्लासने सुरू कर, म्हणजे दुसऱ्या पानावरच्या सिलेक्टला धक्का लागणार नाही.

टेलिपोर्ट बंद करायचं प्रॉप पण असतं बऱ्याच ठिकाणी, मोहात पडू नको. आज चालेल, उद्या कोणीतरी तेच कंपोनंट मोडलमध्ये (पानावर उघडणाऱ्या डायलॉगमध्ये) नाहीतर स्क्रोल होणाऱ्या टेबलात टाकेल आणि अर्धं पॅनल गायब.

तिसऱ्यावर, म्हणजे बिल्डमध्ये पॅडिंग का बदलतं त्यावर, कोणीतरी दुसऱ्याने लिहा, मला मीटिंग आहे.

---

पायरी_पायरीने

वरचं बरोबर आहे, मी फक्त मार्कअपबद्दल बोलते कारण तिथे लोक जास्त मोडतोड करून ठेवतात.

ऑप्शनचा आतला मार्कअप बदलायला स्लॉट (कंपोनंटने आपला मार्कअप टाकायला मोकळी ठेवलेली जागा) असतो, साधारण 'ऑप्शन' किंवा 'आयटम' नावाचा, आणि तो स्कोप्ड स्लॉट असतो म्हणजे चालू ओळीचा डेटा, ती निवडलेली आहे का, अ‍ॅक्टिव्ह आहे का वगैरे तुला प्रॉप्समधून मिळतं. त्यात तुझा ठिपका, नाव, कोड मांड. आणि मजा अशी की स्लॉटमध्ये तू जे लिहितोस ते तुझ्या टेम्प्लेटचा भाग असतं, त्याला तुझाच डेटा-व्ही शिक्का लागतो, मग ते टेलिपोर्ट होऊन बॉडीच्या शेवटी गेलं तरी. म्हणजे ठिपका आणि कोडची स्टाईल सरळ स्कोप्डमध्येच लिही, डीप नको, काही नको. डीपची मारामारी फक्त लायब्ररीने स्वतः रेंडर केलेल्या एलिमेंटसाठी.

आता काळजी कुठे घ्यायची. स्लॉट दोन प्रकारचे असतात, एक ओळीच्या आतला आणि एक अख्खी ओळ किंवा अख्खी यादीच तुमच्या हातात देणारा. आतल्यावर भागत असेल तर बाहेरच्याला हात लावू नको. कारण ओळीच्या त्या एलआय टॅगवर रोल ऑप्शन असतो, एरिया-सिलेक्टेड असतं (एरिया म्हणजे ARIA, एलिमेंट काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण), एक आयडी असतो, आणि इनपुटवरचं एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंट त्या आयडीकडे बोट दाखवत असतं. अख्खी ओळ तू रेंडर केलीस की हे सगळं तुझ्या गळ्यात. डोळ्यांना सगळं छान दिसतं, माऊसने चालतं, आणि स्क्रीन रीडरवाला माणूस बाणाची कळ दाबत बसतो आणि त्याला काहीच ऐकू येत नाही.

ऑप्शनच्या आत बटण किंवा लिंक टाकायची हुक्की कोणाला आली तर आत्ताच नाही म्हण. रोल ऑप्शनच्या आतलं सगळं फक्त मजकूर म्हणून धरलं जातं, आतलं बटण हे बटण आहे हे असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीपर्यंत पोचतच नाही. आणि स्टेटस नुसत्या रंगाने दाखवू नको, ठिपक्याबरोबर डोळ्यांना न दिसणारा का होईना पण मजकूर ठेव.

अजून दोन बारीक गोष्टी ज्या हमखास नंतर बग म्हणून येतात. स्लॉटमध्ये कोड दाखवला म्हणून कोड टाईप करून शोधता येईल असं नसतं, फिल्टर लेबल प्रॉपवर चालतो, स्लॉटमधल्या मजकुरावर नाही, तेव्हा फिल्टर कुठल्या फील्डवर ते वेगळं सांगावं लागतं. आणि यादी मोठी म्हणून व्हर्च्युअल स्क्रोल (फक्त दिसणाऱ्याच ओळी रेंडर करणं) चालू असेल तर ओळीची उंची तिथे आकडा म्हणून दिलेली असते, दोन ओळींचा ऑप्शन केलास की तो आकडा पण बदल, नाहीतर ओळी एकमेकींवर चढतील नाहीतर शेवटच्या काही दिसणारच नाहीत, आणि तू सीएसएसमध्ये शोधत बसशील.

---

लेयरवाला

तिसरा प्रॉब्लेम माझा.

तुझा नियम आणि लायब्ररीचा नियम दोघांची स्पेसिफिसिटी (सिलेक्टरचं वजन) सारखी असली की जो नंतर आला तो जिंकतो. डेव्ह सर्व्हरवर स्टाईल टॅग ज्या क्रमाने मॉड्यूल चालतात त्या क्रमाने घुसतात, बिल्डमध्ये सीएसएस वेगळ्या फाईलींमध्ये, चंकप्रमाणे वाटली जाते, आणि लेझी लोड होणारं पान असेल तर लायब्ररीचा तुकडा तुझ्या तुकड्यानंतर येऊ शकतो. म्हणजे डेव्हमध्ये तू नशिबाने जिंकत होतास. क्रमावर अवलंबून असलेला कुठलाही ओव्हरराईड हा असाच, आज आहे उद्या नाही.

साधा उपाय, स्पेसिफिसिटी एका क्लासने वाढव. डोम_झाडावर यांनी सांगितलेला पॅनल क्लास पुढे लावलास की ते आपोआपच होतं, इम्पॉर्टंट निम्मे तिथेच गळतील.

जरा कायमचा उपाय म्हणजे कॅस्केड लेयर. लायब्ररीची सीएसएस जावास्क्रिप्टमधून इम्पोर्ट करणं बंद कर, आपल्या मुख्य सीएसएस फाईलमध्ये सगळ्यात वर अ‍ॅट-इम्पोर्टने घे आणि त्या ओळीच्या शेवटी लेयर लिहून कंसात नाव दे. कुठल्याही लेयरमध्ये नसलेला नियम लेयरमधल्या नियमाला हरवतो, स्पेसिफिसिटी कितीही कमी असली तरी. म्हणजे लायब्ररीने पाच क्लास साखळीत लावले असतील तरी तुझा एक क्लास पुरतो. ब्राउझरची चिंता नको, २०२२ च्या सुरुवातीलाच आलंय, क्रोम ९९, फायरफॉक्स ९७, सफारी १५.४.

पण एक खड्डा आहे. इम्पॉर्टंटच्या बाबतीत लेयरचा क्रम उलटा होतो. लायब्ररीने स्वतःच कुठे इम्पॉर्टंट लावलं असेल आणि तू ती लेयरमध्ये टाकलीस, तर तिचं इम्पॉर्टंट तुझ्या लेयरबाहेरच्या इम्पॉर्टंटला हरवेल. तेव्हा आधी लायब्ररीच्या सीएसएसमध्ये इम्पॉर्टंट शोधून बघ. आणि लायब्ररी स्टाईल रनटाइमला जावास्क्रिप्टमधून घुसवत असेल तर इम्पोर्टच नाही, लेयरमध्ये टाकणार कशाला, मग लायब्ररीतच तशी सेटिंग आहे का बघायचं.

खरं तर या सगळ्याच्या आधी व्हेरिएबल बघायला पाहिजेत. कोपरे, सावली, रंग यासाठी हल्लीच्या लायब्ऱ्या सीएसएस कस्टम प्रॉपर्टी देतात, तेवढ्या बदलल्या की सिलेक्टरची भानगडच नाही. फक्त तिथेही तोच टेलिपोर्ट आडवा येतो: व्हेरिएबल वारशाने खाली उतरतं ते डोमच्या झाडातून. तुझ्या रॅपर डिव्हवर सेट केलंस तर डबा बदलेल, पॅनल नाही. पॅनल क्लासवर सेट कर, आणि सगळीकडेच तसं पाहिजे असेल तर रूटवर.

---

जुना_अँग्युलरकर

अँग्युलरमध्ये पण हेच रडगाणं, फक्त नावं वेगळी. तिथे डीफॉल्ट एनकॅप्सुलेशन 'इम्युलेटेड', म्हणजे असेच अ‍ॅट्रिब्यूटचे शिक्के, आणि आत शिरायला एनजी-डीप. ते डेप्रिकेटेड म्हणून कधीचं जाहीर केलंय आणि तरी सगळे वापरतायत. पुढे होस्ट न लावता एनजी-डीप लिहिलं की नियम सरळ ग्लोबल होतो, आणि मग एका पानावर जाऊन आल्यावर दुसऱ्या पानाचा रंग बदलतो अशा तक्रारी येतात.

आतल्या क्लासवर विसंबण्याची किंमत बघायची असेल तर अँग्युलर मटेरिअल १५ आठवा, नोव्हेंबर २०२२. बरेचसे कंपोनंट एमडीसीच्या (गूगलच्या मटेरिअल डिझाईन कंपोनंट्सच्या) पायावर नव्याने लिहिले, आतला डोम बदलला, क्लासची नावं मॅट वरून मॅट-एमडीसी अशी झाली. ज्यांनी थीमिंगमधून रंग बदलले होते त्यांचं बऱ्यापैकी निभावलं, ज्यांनी आतल्या क्लासवर शेकड्याने ओव्हरराईड लिहिले होते ते बसले एकेक स्क्रीन तपासत. जुने कंपोनंट लेगसी नावाने ठेवले होते काही काळ, १७ मध्ये तेही काढले.

लायब्ररीवाल्याने डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं प्रॉप किंवा स्लॉट बदलताना तो मेजर व्हर्जनची वाट बघतो, निदान चेंजलॉगमध्ये सांगतो. आतल्या डिव्हचा क्लास तो कधीही बदलेल, त्याला कोण विचारणार.

वेब कंपोनंटवाल्यांनी तर प्रश्नच संपवलाय, शॅडो डोमच्या आत बाहेरचा सिलेक्टर जातच नाही. कस्टम प्रॉपर्टी आत झिरपतात, आणि लेखकाने ज्या एलिमेंटला पार्ट असं नाव दिलंय तेवढ्यालाच बाहेरून स्टाईल लावता येते. कडक आहे पण निदान सीमा कुठे ते कळतं.

---

फाईल_उचल

मी टीम लीडच्या बाजूने बोलतो, कारण कोणी बोलत नाहीये.

कॉपी करणं म्हणजे पाप नाही. शॅडसीएन यूआयचा अख्खा विचारच तो आहे, पॅकेज लावायचंच नाही, कंपोनंटचा कोड तुमच्या प्रोजेक्टमध्ये येतो आणि तो तुमचा. पण तिथे एक गोष्ट लोक विसरतात, कीबोर्ड, फोकस, एरिया हे अवघड काम खालच्या हेडलेस (नुसतं वागणं देणाऱ्या, दिसणं नाही) लायब्ररीत राहतं, कॉपी होतो तो फक्त वरचा मार्कअप आणि क्लास. तुमच्या लायब्ररीतून सिलेक्टची फाईल उचललीत तर तिच्याबरोबर पॅनल कुठे उघडायचं त्याचं गणित, बाहेर क्लिक झालं का बघणारा कोड, व्हर्च्युअल स्क्रोल, आतले दहा हेल्पर असं सगळं लटांबर येईल, आणि उद्या मूळ लायब्ररीत त्यातला एखादा बग सुटला तर तुमच्या कॉपीत तो तसाच.

सर्व्हर बाजूला हे पूर्वीपासून चालतं. वूकॉमर्सचं टेम्प्लेट आपल्या थीममध्ये कॉपी करून बदलायची अधिकृत सोय आहे, पण त्यांनी हुशारी अशी केलीय की प्रत्येक टेम्प्लेटच्या वरच्या कॉमेंटमध्ये व्हर्जन लिहिलेलं असतं आणि तुमची कॉपी जुनी झाली की सिस्टीम स्टेटसच्या पानावर ती दिसते. लारावेलमध्ये पेजिनेशनचे व्ह्यू व्हेंडर पब्लिश करून घेता येतात, जँगोमध्ये विजेटचं टेम्प्लेट त्याच नावाने आपल्या फोल्डरमध्ये ठेवता येतं, फक्त जँगोला आधी फॉर्म रेंडरर बदलून सांगावं लागतं की प्रोजेक्टच्या टेम्प्लेटमध्ये पण बघ. म्हणजे कॉपीला हरकत नाही, कॉपी मूळच्या किती मागे पडली हे कळायची सोय पाहिजे. ती तुमच्याकडे आहे का ते लीडला विचार.

मधला रस्ता: लायब्ररीच्या सिलेक्टभोवती आपलं एक पातळ कंपोनंट बनवा. पॅनल क्लास, ऑप्शनचा स्लॉट, ओळीची उंची, फिल्टरचं फील्ड सगळं त्यात एकदाच. इनहेरिट अ‍ॅट्र्स फॉल्स करा, डॉलर अ‍ॅट्र्स आतल्या सिलेक्टला बाइंड करा (व्ह्यू ३ मध्ये क्लास, स्टाईल, लिसनर सगळे त्यातच येतात), आणि बाकीचे स्लॉट लूप फिरवून आत पाठवा. प्रोजेक्टमध्ये लायब्ररीचा सिलेक्ट थेट इम्पोर्ट करायला लिंटरने (कोड नियमात बसतो का ते तपासणारं टूल) बंदी घाला. मग उद्या लायब्ररी बदलली, आतला डोम बदलला, हेडलेसवर गेलात, जे काय होईल ते एका फाईलमध्ये होईल.

---

साधा_टॅग

नेटिव्ह सिलेक्ट वापरा म्हणणारा एक तरी पाहिजे म्हणून आलो. क्रोम १३५ पासून अपीअरन्सला बेस-सिलेक्ट दिलं की नेटिव्ह सिलेक्टचं पॅनल पण स्टाईल करता येतं आणि ऑप्शनच्या आत मार्कअप पण टाकता येतो. बाकी ब्राउझरमध्ये सरसकट नाही, पण तिथे जुना साधा सिलेक्ट दिसतो आणि काम थांबत नाही. शोध आणि व्हर्च्युअल स्क्रोल नको असेल तर विचार करा.

---

कंस_बंद_कर

साधा_टॅग, शोध पाहिजेच आहे, यादी मोठी आहे, पण दुसऱ्या एका फॉर्मला हे चालेल, थँक्स.

बाकी सांगतो काय झालं. पॅनल बॉडीच्या तळाशीच सापडलं. क्लासचं प्रॉप होतं, लावलं, कोपरे आणि सावली व्हेरिएबलवरच झाली, ऑप्शन स्लॉटमधून. उंचीचा आकडा बदलायचा होताच, यादीच्या शेवटच्या ओळी अर्ध्या कापल्या जात होत्या, ताई बरोबर बोलल्या. लेयर केलं नाही, लायब्ररीत इम्पॉर्टंट बरेच सापडले, एका क्लासच्या वाढीवर भागलं. लीडला रॅपरचं सांगितलं, तो म्हणाला चालेल पण लिंटर नियम तूच लिही.

एक राहिलं. ओळीवर माऊस नेला की रंग बदलतो, मी हॉव्हरवर लिहिलाय. पण कीबोर्डने खाली गेलो तर कुठल्या ओळीवर आहे ते दिसतच नाही, फोकस लावून पण बघितलं, काही होत नाही.

---

पायरी_पायरीने

कारण फोकस ओळीवर जातच नाही. तो इनपुटमध्येच बसलेला असतो, एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंट फक्त सांगतं की चालू ओळ ही. त्यामुळे हॉव्हर नाही आणि फोकस पण नाही. लायब्ररी चालू ओळीला एखादा क्लास किंवा डेटा अ‍ॅट्रिब्यूट लावत असेल, बाणाची कळ दाबत इन्स्पेक्टरमध्ये बघ काय सरकतंय. पण तो आतला क्लास झाला, त्यापेक्षा स्लॉट प्रॉपमध्ये अ‍ॅक्टिव्ह मिळत असेल तर स्लॉटमधल्या आपल्याच डिव्हला क्लास लाव आणि रंग तिथे दे. ओळीचं स्वतःचं पॅडिंग असेल तर रंग कडेपर्यंत जाणार नाही, ते पॅनल क्लासखाली शून्य करून आपल्या डिव्हला दे.

आणि हॉव्हरचा नियम काढूनच टाक. बऱ्याच लायब्ऱ्या माऊस फिरवला की अ‍ॅक्टिव्ह ओळ पण तीच करतात, मग एकाच नियमात दोन्ही येतं. नाहीतर माऊस एका ओळीवर पडून राहतो, कीबोर्ड दुसरीवर, आणि दोन ओळी एकदम रंगलेल्या दिसतात, एंटर मारला की नेमकं काय निवडलं जाणार ते कोणालाच कळत नाही.